सर्च ऑपरेटर
सर्च ऑपरेटर : इंटरनेटवरील शोधयंत्राला नेमके काय हवे आणि काय नको, हे सांगणारी चिन्हे व शब्द. त्यांचे मूळ इंग्रज गणितज्ञ जॉर्ज बूल (१८१५–६४) यांच्या तर्कबीजगणितात आहे. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ या क्रिया संगणकीय ग्रंथसूचींतून १९९५ मध्ये सुरू झालेल्या अल्टाव्हिस्टासारख्या शोधयंत्रांत आल्या.

सर्वांत उपयोगी म्हणजे दुहेरी अवतरणचिन्हे. त्यांत घातलेले शब्द त्याच रूपात, त्याच क्रमाने शोधले जातात. मराठीत मात्र जपून वापरावीत. "पुणे" असे शोधले, तर ‘पुण्यात’, ‘पुण्याचा’ ही रूपे निसटू शकतात, कारण विभक्ती लागताना शब्दाचे अंगच बदलते. ‘दिवाळी’ आणि ‘दीवाळी’ अशा लेखनभेदांचीही तीच अडचण. अशा वेळी दोन्ही रूपे लिहून मध्ये रोमन मोठ्या अक्षरांत ‘ऑर’ घालावे.

वजाचिन्ह नको असलेला शब्द वगळते. ‘संत तुकाराम -चित्रपट’ असे लिहिले, की प्रभात फिल्म कंपनीच्या १९३६ मधील याच नावाच्या चित्रपटाची बरीच पाने गळतात आणि अभंगांकडे जाणारी वाट मोकळी होते. वजाचिन्ह शब्दाला चिकटूनच हवे. मध्ये जागा सुटली की ते निरुपयोगी ठरते. रोमन लिपीत ‘साइट’ लिहून अपूर्णविराम व संकेतस्थळाचा पत्ता जोडल्यास शोध तेवढ्यापुरता राहतो. शासन निर्णय धुंडाळणाऱ्याने हे अवश्य शिकावे. त्याच पद्धतीने ‘फाइलटाइप’ला पीडीएफ जोडल्यास फक्त पीडीएफ मागवता येतात. शब्द सक्तीचा करणारे अधिकचिन्ह गूगलने २०११ मध्ये बंद केले आणि ते काम अवतरणचिन्हांकडे सोपवले.