उघडे तोंड आणि वाचणारे डोळे

साहित्याचा विद्यार्थी चेहऱ्यांची वर्णने नित्य वाचतो. उघडे तोंड आणि शून्य नजर म्हणजे मंदबुद्धी, हा संकेत इतका रुळला आहे की त्यामागे एखादे बंद नाक असेल, अशी शंकाही आपल्याला येत नाही. ॲडिनॉइडचा इतिहास या चुकीच्या वाचनाचाच इतिहास आहे.

नाकाच्या मागे, पडजिभेच्या वरच्या पोकळीत लसिका-ऊतींची एक लहानशी गादी असते. ती बालपणी वाढते आणि पौगंडावस्थेत आपोआप आक्रसते. मधल्या काळात ती फार वाढली, तर मूल तोंडाने श्वास घेते, घोरते, त्याला कमी ऐकू येते. कोपनहेगनचे डॉक्टर हान्स विल्हेल्म मेयर यांनी १८६८ साली या विकाराचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. अशा रुग्णांच्या बोलण्यातील निर्जीवपणा त्यांनी नेमका टिपला. अनुनासिकांसाठी हवेला नाकाची वाट हवी. ती बंद असेल तर 'म'चा 'ब' होतो आणि 'न'चा 'द'. जी गोष्ट इतरांना बुद्धीची उणीव वाटत होती, ती मेयर यांनी ध्वनीची अडचण म्हणून ऐकली.

निदानाबरोबर शस्त्र आले. विसाव्या शतकाच्या आरंभी शाळेत मागे पडणाऱ्या मुलांवर ही शस्त्रक्रिया सर्रास सुचवली जाऊ लागली. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात जून १९०६ मध्ये अफवा उठली की शाळेत डॉक्टर मुलांचे गळे कापत आहेत. हजारो ज्यू स्थलांतरित माता शाळांवर धावून गेल्या. त्यांतील अनेक कुटुंबे रशियन साम्राज्यातून आली होती आणि किशिनेव्हच्या १९०३ सालच्या हत्याकांडाची आठवण ताजी होती. त्यांना अडाणी ठरवणे सोपे होते. परंतु त्यांच्या भाषेत त्यांना विश्वासात घेण्याचे काम अपुरेच राहिले होते.

शस्त्राला पर्याय आला तो वेगळ्याच वाटेने. कॉर्टिझोन १९४८ साली प्रथम संधिवाताच्या रुग्णाला देण्यात आले आणि १९५० साली या संशोधनाला नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र पोटातून दीर्घकाळ दिलेली स्टेरॉइड्स मुलांची वाढ खुंटवू शकतात. नाकातच काम करणारी आणि रक्तात अल्प प्रमाणात उतरणारी बेक्लोमेथासोनसारखी औषधे १९७०च्या दशकात वापरात आली. पुढे १९९५ साली अवघ्या १७ मुलांवरील एका नियंत्रित अभ्यासात अशा फवाऱ्याने ॲडिनॉइडचा अडथळा कमी झाल्याचे दिसले. नंतरच्या अभ्यासांनीही मर्यादित, पण आशादायक पुरावा दिला.

फवारा हा चमत्कार नव्हे. तो प्रत्येक मुलाला लागू पडत नाही. दीर्घकाळ वापरल्यास उंचीवर लक्ष ठेवावे लागते. झोपेत श्वास वारंवार अडत असेल तर आजही शस्त्रक्रियाच लागू शकते. तरीही एक फरक मोठा आहे. औषधाची ती लहान बाटली घरात असते आणि रोजचा फवारा पालकांच्या, बहुधा आईच्याच, हातून दिला जातो. १९०६ साली जिला शाळेच्या दारावर अडवले गेले, ती आता उपचाराची भागीदार झाली आहे.

शिक्षकाच्या वाट्याला मात्र जुनेच काम उरते. मागच्या बाकावर तोंड उघडे ठेवून बसलेल्या मुलाला 'मठ्ठ' म्हणण्यापूर्वी, त्याला ऐकू येते का आणि रात्री नीट झोप लागते का, एवढे तरी विचारावे. चेहरा वाचण्याची घाई करणाऱ्याला त्यामागचे मूल दिसत नाही.