मोटारी धुणारा, पाट्या रंगवणारा

आमच्या बारामतीत प्रदर्शन म्हटलं की ट्रॅक्टर, ठिबक आणि संकरित गाय. चित्रांचं प्रदर्शन म्हणजे शाळेत सुतळीला टांगलेले कागद. इंदापूरकडचा माझा एक दोस्त पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आला आणि हातातला ब्रश गेला. आता १४ एप्रिल आला की भिंतीवर बाबासाहेब काढतो, तेवढंच. गावात त्याला पेंटर म्हणतात, चित्रकार कुणी म्हणत नाही. हा फरक मला डाचतो, म्हणून हा इतिहास.

१९४७ साली मुंबईत सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि शिल्पकार बाकरे. आज ही नावं लिलावात घुमतात. तेव्हा कोण होते?

कृष्णाजी हौलाजी आरा. जन्म १९१४, सिकंदराबादजवळ बोलारमचा. सातव्या वर्षी घरातून पळाला, मुंबईत आला. लोकांच्या घरी गडी म्हणून राबला, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेला. चित्रं काढायची ती काम उरकल्यावर. हुसेन जन्मानं पंढरपूरचा. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत जिथं पोचते, त्या पंढरपूरचा. मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवून पोट भरलं. म्हणजे आमच्या दोस्ताच्याच धंद्यातला! सूझाला तर १९४५ मध्ये जे. जे. मधून काढून टाकलेलं.

मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून होती. आराचं एक मोठं चित्र तिनं प्रदर्शनात घेतलं नाही आणि तिथून ठिणगी पडली, असं सांगतात. गंमत बघा, १९४९ च्या जुलैत ह्या पोरांचं मुंबईतलं प्रदर्शन लागलं ते रॅम्पार्ट रोवर, त्याच सोसायटीच्या दालनात. उद्घाटन मुल्कराज आनंदांनी केलं. लगेच सूझा लंडनला, पुढच्या वर्षी रझा पॅरिसला. १९५६ पर्यंत ग्रुप संपला. आरा मुंबईतच राहिला आणि १९८५ मध्ये गेला.

२०२५ च्या मार्चमध्ये हुसेनचं १९५४ चं ‘ग्रामयात्रा’ न्यूयॉर्कला ११८ कोटींना गेलं. भारतीय आधुनिक चित्राला तोवर एवढी किंमत कधी आली नव्हती. चित्रात काय, तर गाव. दळण, गाडी, पोरं. गाव आहे खरं, पण गावकुसाबाहेरचं काय? बंड केलं त्यांनी, रंगाचं, आकाराचं. जातीचा सवाल त्या बंडाच्या मधोमध नव्हता. हे मी आराचं मोठेपण मानून म्हणतो.

तो सवाल मधोमध आणला आपल्यातल्या नंतरच्यांनी. प्रभाकर कांबळे यांनी २०२२ मध्ये बर्लिनच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात उतरंड मांडली. एकावर एक रचलेली भांडी. खालचं हललं की वरचं डुगडुगणार. बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता आपण पुस्तकात वाचली, त्यांनी ती उभी केली.

२०२३ च्या नोव्हेंबरात मुंबईत आर्ट मुंबई नावाचा कलेचा मेळा सुरू झाला. जागा महालक्ष्मीचं रेसकोर्स. आसपासचा सगळा मुलूख एकेकाळी गिरण्यांचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा जिथं भोंगे थांबले, तिथं जवळच आता चित्रांचे भाव होतात. तिथं नवख्याला भिंत मिळते, पण गॅलरीचा हात डोक्यावर असेल तर.

हे सगळं मी दोस्ताला रात्रपाळी करून आल्यावर सांगितलं. तो ऐकत होता, पायाशी रंगाचे डबे. म्हणाला, “सहा जण होते ना? आपण पाच आहोत. एक लासुर्ण्याचा बघू.”

दोस्तांनो, चित्रं तयार आहेत. बाबासाहेबांची आहेत, ऊसतोडीच्या बायांची आहेत, उजनीत बुडालेल्या गावाचं एक आहे. लावायची समाजमंदिरात. तीनदा जाऊन आलो. किल्ली अजून मिळालेली नाही.