मुलांचं बोट धरून जुन्या देवळात : बनेश्वर, रायरेश्वर, कांबरेश्वर

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच पालकांनी एकच विचारलं, मुलांना इतिहास दाखवायला न्यायचं तर कुठे न्यावं? गड चढायला सगळ्यांना जमत नाही, संग्रहालयात पोरं अर्ध्या तासात कंटाळतात. माझं उत्तर सोपं आहे. जुन्या देवळात न्या. आणि पुण्याजवळ राहत असाल तर भोर-वेल्ह्याकडे न्या. आज मी तीनच देवळांबद्दल बोलणार आहे, कारण ही तीन देवळं मुलांना तीन वेगवेगळ्या गोष्टी शिकवतात.

पहिलं बनेश्वर. पुणे-सातारा रस्त्यावर चेलाडी फाट्याला वळलं की नसरापूर. वेल्ह्याला, म्हणजे राजगड-तोरण्याकडे जाणारी मंडळी इथूनच पुढे जातात. गावाजवळ झाडीत हे महादेवाचं देऊळ आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी ते बांधलं. समोर पाण्याची कुंडं, त्यात मासे आणि कासवं. मुलं आधी तिथेच रमतात. रमू द्या, घाई करू नका.

मग त्यांना घंटेखाली उभं करा आणि एवढंच म्हणा, नीट बघा, काय दिसतं?

दोन वर्षांपूर्वी आम्ही सोसायटीतली दहा-बारा मुलं घेऊन गेलो होतो. एका मुलीने पटकन ओळखलं, "काका, हा तर क्रूस आहे!" बरोबर. घंटेवर क्रूस आहे आणि साल आहे १६८३. महादेवाच्या देवळात क्रूसाची घंटा कशी? इथून खरा इतिहास सुरू होतो. मी सांगितलं म्हणून नाही, तर मुलांना प्रश्न पडला म्हणून.

गोष्ट अशी आहे. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती. १७३७ मध्ये मराठ्यांनी मोहीम काढली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला. लढाई फार भयंकर झाली, दोन्हीकडची पुष्कळ माणसं पडली. शेवटी पोर्तुगीज शरण आले आणि त्यांच्या शिबंदीला सन्मानाने बाहेर जाऊ दिलं. त्या विजयात हाती आलेल्या चर्चच्या घंटा देशावर आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा आपल्या बोलण्यातसुद्धा आहे, तीही याच मोहिमेतली. आणि बनेश्वर बांधणारे नानासाहेब म्हणजे चिमाजी आप्पांचे पुतणेच.

आता ते १६८३ साल बघा. त्याच वर्षी संभाजी महाराज गोव्याच्या पोर्तुगीजांशी लढत होते. फोंड्याला वेढा पडला होता, आणि नोव्हेंबरात महाराजांच्या सैन्याने जुव्याचा किल्ला घेतला. या संभाजी महाराजांना दूध पाजणारी धाराऊ कुठली? नसरापूरच्या शेजारच्या कापूरहोळची. म्हणजे धाराऊने वाढवलेला राजा पोर्तुगीजांशी लढत होता, त्याच साली ही घंटा ओतली गेली, आणि पुढे ती धाराऊच्या गावाशेजारी येऊन टांगली गेली. हे सांगितल्यावर मुलांचे डोळे मोठे होतात. सनावळी पाठ करून ते होत नाही.

पण खरी परीक्षा पुढे होती. आमच्यात एक नऊ वर्षांचा मुलगा होता. आजोळ वसईचं, घरी रविवारी चर्चला जाणारं. तो घंटेकडे बघत म्हणाला, "म्हणजे ही आमची होती. मग चोरून आणली का?"

बाकीची मुलं गप्प झाली. एक जण म्हणाला, "चोरून नाही, जिंकून!" आणि दोघांची तिथेच जुंपायची वेळ आली.

मंडळी, अशा वेळी आपण मोठी माणसं दोन चुका करतो. एक तर विषय बदलतो, "चला, प्रसाद घेऊ." नाहीतर एका मुलाला जिंकवतो आणि दुसऱ्याला हरवतो. मी त्यांना खाली बसवलं आणि जे माहीत आहे तेच सांगितलं. ही लढाईतली लूट आहे. त्या काळी जिंकणारा तोफा न्यायचा, निशाणं न्यायचा, घंटाही न्यायचा. हे सगळेच करायचे, पोर्तुगीजांनीही आपली देवळं पाडली होती. घंटा म्हणजे तांबं आणि कथील, तोफाही त्याच धातूंच्या ओतायचे. ही वितळवता आली असती. वितळवली नाही, क्रूस घासून काढला नाही, देवासमोर टांगली. आणि लढले ते राजे आणि सैन्य. या मुलाचे पणजोबा-खापरपणजोबा वसईचेच, इथल्याच मातीतले. ते काही लिस्बनहून आलेले नव्हते.

त्याचं पूर्ण समाधान झालं असं मी म्हणणार नाही. "तरी त्यांना वाईट वाटलं असेल," असं तो म्हणाला. मी म्हटलं, हो, वाटलं असेल. ते खोडायला मला काही सुचलं नाही, आणि खोडायची गरजही नव्हती.

दुसरं देऊळ रायरेश्वर. भोरच्या पुढे आंबवड्यावरून कोर्ल्याकडे जायचं, शिडी चढली की विस्तीर्ण पठार लागतं. १६४५ मध्ये शिवाजी महाराजांनी मावळ्यांसह इथे स्वराज्याची शपथ घेतली, असं आपण सगळे ऐकत आलो. महाराज तेव्हा पंधरा वर्षांचे. इथे मुलं विचारतात, खरं कशावरून? तर रोहिडखोऱ्याच्या दादाजी नरसप्रभूंना लिहिलेलं त्या सालचं एक पत्र सांगितलं जातं, आणि त्या पत्राच्या अस्सलपणाबद्दल इतिहासकारांमध्ये मतभेद आहेत. हे मुलांपासून लपवू नका. घंटेवरचं साल आपण हात लावून वाचलं. ही परंपरा आहे, शेकडो वर्षं लोकांनी मनात जपलेली. दोन्हींना मान द्यायचा, पण दोन्ही एकच आहेत असं सांगायचं नाही.

तिसरं कांबरेश्वर. वेळवंडीच्या पात्रातलं हे देऊळ वर्षातले बहुतेक महिने भाटघरच्या पाण्याखाली असतं. मे महिन्यात पाणी उतरलं की वर येतं. १९२८ मध्ये पुरं झालेलं हे उंच धरण नीरेच्या कालव्यांना पाणी देतं. बारामती, इंदापूर, फलटणचा ऊस त्यावर उभा राहिला. मुलांना भिंतीवरची गाळाची रेघ दाखवा आणि विचारा, देऊळ इथे होतं, तर देवळात येणारी माणसं कुठे राहत होती? त्यांची शेतं कुठे गेली? साखरेच्या डब्याचा आणि या गाळाचा संबंध मुलं स्वतःच लावतात.

तेव्हा पालकहो, या सुट्टीत जाताना माहिती पाठ करून जाऊ नका. मुलाला बघू द्या, विचारू द्या. जे माहीत आहे ते सांगा, जी परंपरा आहे तिला परंपरा म्हणा, आणि एखाद्या मुलाला वाईट वाटलं तर ते वाईट वाटणंही ऐकून घ्या. त्या दिवशी निघताना आमच्या वसईच्या पाहुण्याला मी विचारलं, वाजवायची का घंटा? हात पुरेना म्हणून मघाशी भांडणाऱ्या दोस्तानेच त्याला उचललं.