लिलाव, स्पर्धा आणि सातपुडा : महाराष्ट्र दूरसंचार परिमंडळातील स्पेक्ट्रम वाटपाचा इतिहास
(विशेष संदर्भ : नंदुरबार जिल्हा)

प्रस्तावना

भारतातील खाजगी दूरसंचाराचा इतिहास आजवर प्रामुख्याने दोन ठिकाणांहून लिहिला गेला आहे. दिल्लीहून लिहिलेल्या इतिहासात धोरणे, घोटाळे आणि न्यायालयीन निकाल येतात. मुंबईहून लिहिलेल्या इतिहासात कंपन्या, भागभांडवल आणि विलीनीकरणे येतात. प्रस्तुत लेखात हाच इतिहास नंदुरबार जिल्ह्याच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार असून त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. नंदुरबार, नवापूर, शहादा आणि तळोदा या तालुक्यांचा मोठा भाग सपाटीचा. अक्कलकुवा व अक्राणी (धडगाव) हे तालुके सातपुड्याच्या रांगांत, थेट नर्मदेच्या काठापर्यंत पसरलेले. स्पर्धेमुळे मोबाइल स्वस्त झाला, याविषयी वाद नाही. परंतु तीच स्पर्धा सातपुड्याच्या पायथ्याशी येऊन का थबकली, हा प्रश्न इतिहासाचा आहे. त्याचे उत्तर कंपन्यांच्या नफेखोरीत शोधण्याची आपल्याला सवय आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ते त्याच्याही आधी, शासनाने काय विकले आणि कोणत्या मापाने मोजून विकले, यात दडलेले आहे.

परिमंडळ : विक्रीचे एकक

१८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने तारयंत्र उभारण्याचा व चालवण्याचा अनन्य अधिकार शासनाकडे ठेवला होता. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने या मक्तेदारीत खाजगी कंपन्यांना प्रवेश दिला. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणासंबंधीच्या प्रकरणात लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. (आपली वर्तमानपत्रे स्पेक्ट्रमला ‘ध्वनिलहरी’ म्हणतात. शास्त्रदृष्ट्या हा शब्द चुकीचा आहे, कारण या विद्युतचुंबकीय लहरी होत. पण तो आता रुळला आहे.) सार्वजनिक मालमत्ता विकावयाची तर तिचे तुकडे पाडणे आले. हे तुकडे जिल्ह्यांचे अथवा तालुक्यांचे पडले नाहीत, ते परिमंडळांचे, म्हणजे सर्कलचे पडले. महाराष्ट्र परिमंडळात गोवा आले आणि मुंबई वगळली गेली. मुंबई स्वतंत्र महानगर परिमंडळ ठरली. उर्वरित महाराष्ट्र ‘अ’ वर्गात गेला.

याचा अर्थ असा की, पुणे, नाशिक, नागपूर, पणजी आणि धडगाव यांचा भाव एकाच आकड्यात लागला. बोली लावणारी कंपनी पुण्याच्या ग्राहकसंख्येकडे पाहून आकडा ठरवी. तोरणमाळचे पठार त्या आकड्यात सामील होते, पण आकडा त्याच्यामुळे एका रुपयानेही वाढत वा घटत नव्हता. अर्थशास्त्राचे प्राध्यापक यास एकत्रित विक्री म्हणतील. गावच्या बाजारात चांगल्या मालाच्या टोपलीत तळाशी जे ढकलले जाते, त्याची गत यापेक्षा वेगळी नसते.

परिमंडळाच्या सीमेनेही या जिल्ह्यात आपला प्रभाव दाखवला. नवापूर रेल्वे स्थानकाच्या फलाटावरूनच महाराष्ट्र व गुजरात यांची सीमा जाते. प्रशासकीय सीमा बाकावर रंगवता येते. लहरी ती मानत नाहीत. दोन्ही राज्ये दोन स्वतंत्र परिमंडळे असल्याने, महाराष्ट्राचे सिम असलेला फोन गुजरातच्या मनोऱ्याशी जोडला गेला की ग्राहक आपल्या ओट्यावर बसल्या बसल्या ‘रोमिंग’मध्ये जाई. २०१३ नंतर रोमिंगचे ओझे हलके होत गेले. तोपर्यंत सीमेवरील गावांसाठी परिमंडळ ही वस्तुस्थिती होती आणि तिचा दर बिलात दिसे.

जिल्हा मुख्यालयाची अट

परवान्यात सेवाविस्ताराची अट मुळीच नव्हती असे नाही. पहिल्या वर्षी परिमंडळातील १० टक्के आणि तीन वर्षांत ५० टक्के जिल्हा मुख्यालये सेवेखाली आणावीत, असे तीत नमूद होते. मुख्यालयाऐवजी त्याच जिल्ह्यातील दुसरे एखादे शहर घेण्याची मुभाही होती. शहर ‘सेवेखाली आले’ याची व्याख्या अशी : नगरपालिका हद्दीच्या क्षेत्राच्या किमान ९० टक्के भागात सेवा मिळाली पाहिजे. नगरपालिकेची हद्द संपली की बंधनही संपले.

या ठिकाणी एक तारीख लक्षात घेणे आवश्यक आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनाने अस्तित्वात आला. पहिले परवाने दिले गेले तेव्हा नंदुरबार हे जिल्हा मुख्यालयच नव्हते. अविभाजित धुळे जिल्ह्याची अट धुळे शहरात पुरी होत होती. आणि निम्म्या मुख्यालयांवर भागत असल्याने धुळेही वगळता येण्याजोगे होते. जिल्हानिर्मितीनंतर नंदुरबार शहर या यादीत येण्यास पात्र झाले. अक्कलकुवा आणि धडगाव मात्र कोणत्याही व्याख्येत बसले नाहीत. २०१० च्या थ्री-जी परवान्यांत ग्रामीण भागाचा उल्लेख आला, तरी माप मुख्यालयाचेच राहिले : पाच वर्षांत निम्मी जिल्हा मुख्यालये, त्यांपैकी किमान १५ टक्के ग्रामीण क्षेत्रांतील. कंपन्यांनी अट मोडली असे म्हणण्यापेक्षा, अट पाळूनही डोंगर सुटला असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

महाराष्ट्रातील दोन परवान्यांची कथा

१९९५ च्या बोलीनंतर महाराष्ट्र परिमंडळात दोन कंपन्या आल्या : बिर्ला एटी अँड टी आणि बीपीएल. प्रत्येक परिमंडळात दोनच कंपन्या, असे तत्कालीन धोरण होते. त्यास स्पर्धा म्हणणे धाडसाचे होईल. मोबाइलवरील बोलण्याचा दर गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपये ८० पैशांपर्यंत जाऊ शके आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. बोली इतक्या चढ्या होत्या की ठरलेले वार्षिक शुल्क भरणे बहुतेक कंपन्यांना अशक्य झाले. अखेर १९९९ च्या नव्या धोरणाने ठरीव शुल्काऐवजी उत्पन्नातील हिस्सा घेण्याचे मान्य केले. आधी चढी बोली, मग शासनदरबारी सवलतीची मागणी : हा क्रम पुढे अनेकदा दिसतो, म्हणून त्याचा पहिला प्रयोग ध्यानात ठेवावा.

यानंतर दार खऱ्या अर्थाने उघडले. तिसरा परवाना सरकारी कंपनीकडे राहिला, ती १ ऑक्टोबर २००० पासून भारत संचार निगम झाली. २००१ च्या लिलावात चौथा परवाना महाराष्ट्रात भारती कंपनीला मिळाला. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्स इन्फोकॉम उतरली आणि मे २००३ पासून येणारे कॉल विनामूल्य झाले. मोबाइल खेड्यापर्यंत गेला तो या शेवटच्या निर्णयाने. ज्याला फोन करावयास पैसे नाहीत, त्यालाही फोन येऊ शकत होता. हंगामात गुजरातेत ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने ही बाब लहान नव्हती.

मूळ दोन परवान्यांचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. बिर्ला एटी अँड टीमध्ये टाटा आले. बिर्ला, टाटा, एटी अँड टी यांच्या आद्याक्षरांवरून या भागीदारीला ‘बटाटा’ हे टोपणनाव पडले होते, त्याची गंमत मराठी वाचकाला अधिक. २००२ मध्ये तिचे ‘आयडिया’ झाले. बीपीएलचा महाराष्ट्रातील व्यवसाय २००६ च्या सुमारास हचिसन-एस्सारकडे आणि २००७ मध्ये व्होडाफोनकडे गेला. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी आयडिया आणि व्होडाफोन एक झाल्या. १९९५ साली परस्परांचे प्रतिस्पर्धी म्हणून निवडलेले दोन्ही परवानाधारक तेवीस वर्षांनी एकाच घरात नांदू लागले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतरचे दरयुद्ध व ऑक्टोबर २०१९ च्या समायोजित महसुलाविषयीच्या न्यायालयीन निकालाची थकबाकी, यांखाली ही संयुक्त कंपनी दबली. फेब्रुवारी २०२३ मध्ये थकीत व्याजाचे भागभांडवलात रूपांतर होऊन शासन तिचे सर्वांत मोठे भागधारक झाले आणि एप्रिल २०२५ मध्ये शासनाचा हिस्सा ४९ टक्क्यांच्या जवळ पोहोचला. मक्तेदारी मोडण्यासाठी दिलेले परवाने फिरून शासनाच्या पदरी आले, ही इतिहासाची थट्टा खरीच. पण एका परिमंडळात दहाहून अधिक कंपन्या असलेला २०१० चा बाजार दशकाच्या आत तीन खाजगी कंपन्या व एका सरकारी कंपनीवर आला, ही बाब अधिक गंभीर आहे.

२०१० : एक वर्ष, दोन घटना

टू-जी प्रकरण प्राध्यापकवर्गास परिचित असल्याने त्याचा विस्तार येथे करीत नाही. जानेवारी २००८ मध्ये २००१ च्याच दराने दिलेले १२२ परवाने सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी रद्द केले. विशेष न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपींची निर्दोष मुक्तता केली. त्या गदारोळात लिलाव म्हणजेच न्याय, असे समीकरण जनमानसात बसले. सप्टेंबर २०१२ मध्ये राष्ट्रपतींनी पाठवलेल्या संदर्भावर मत देताना न्यायालयाने लिलाव ही एकमेव घटनात्मक पद्धत नव्हे, असे सांगितले; त्याची चर्चा तुलनेने कमीच झाली.

नंदुरबारच्या दृष्टीने २०१० हे वर्ष अधिक बोलके आहे. त्या वर्षी ९ एप्रिल ते १९ मे या काळात थ्री-जी लिलावाच्या १८३ फेऱ्या झाल्या आणि शासनाच्या तिजोरीत सुमारे ६७,७१९ कोटी रुपये आले. मुंबई परिमंडळातील एका गटाची किंमत ३,२४७ कोटी रुपये ठरली; मुंबई वगळून सारा महाराष्ट्र आणि गोवा मिळून १,२५८ कोटी रुपये. म्हणजे चंद्रपूरपासून सावंतवाडीपर्यंतचा प्रदेश एका शहराच्या पाच हिश्श्यांतील दोन हिश्श्यांनाही पुरला नाही. महाराष्ट्रात टाटा, आयडिया व व्होडाफोन या तिघांनी हे गट घेतले. चारच महिन्यांनी, २९ सप्टेंबर २०१० रोजी, शहादा तालुक्यातील टेंभली येथे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वाटप झाले.

या दोन घटनांचा संबंध तेव्हा कोणी जोडला नाही. तो पुढे आपोआप जुळला. रास्त भाव दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा आला; १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावरील हजेरी मोबाइल ॲपवर घेणे सक्तीचे झाले. ओळख पटवण्याचा व्यवहार नेटवर्कवर गेला तेव्हा नेटवर्क ही सोय राहिली नाही, ती धान्याची व मजुरीची पूर्वअट बनली. देशातील पहिला आधार क्रमांक ज्या जिल्ह्यात दिला गेला, त्याच जिल्ह्याच्या डोंगरी भागात आधार पडताळणीसाठी सिग्नल शोधावा लागणे, यास योगायोग म्हणता येणार नाही. ओळख वाटताना शासनाने प्रत्येक माणूस मोजला. लहरी विकताना केवळ परिमंडळ मोजले.

डोंगराला उपयोगी लहरी

स्पेक्ट्रमच्या सर्व पट्ट्यांची पोच सारखी नसते. वारंवारता जितकी कमी, तितकी लहर दूर जाते व अडथळ्यांना वळसा घालण्याची तिची क्षमता अधिक. २१०० मेगाहर्ट्झच्या तुलनेत ९०० किंवा ७०० मेगाहर्ट्झवर कमी मनोऱ्यांत अधिक क्षेत्र व्यापता येते. जेथे एका गावाचे दहा पाडे दहा टेकड्यांवर विखुरलेले असतात, तेथे हा फरक निर्णायक ठरतो. या ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्याची राखीव किंमत २०१६ च्या लिलावात देशभरासाठी प्रति मेगाहर्ट्झ ११,४८५ कोटी रुपये ठेवली गेली. एकाही कंपनीने बोली लावली नाही. २०२१ मध्ये ती ६,५६८ कोटींवर आणली, तरीही ग्राहक नाही. २०२२ मध्ये ३,९२७ कोटी केल्यावर जिओने हा पट्टा घेतला, तोही फाइव्ह-जीसाठी.

सहा वर्षे सर्वांत दूर पोहोचणाऱ्या लहरी कपाटात पडून राहिल्या. स्पेक्ट्रम हे कोळशासारखे नाही; आज न वापरलेली लहर उद्यासाठी शिल्लक राहत नाही. शासनाने स्वस्तात न विकून सार्वजनिक मालमत्ता वाचवली, असा युक्तिवाद करता येईल. परंतु न विकलेल्या लहरींतून महसूलही मिळाला नाही आणि सेवाही नाही. टू-जीच्या काल्पनिक तोट्याचा आकडा, १ लाख ७६ हजार कोटी, शाळकरी मुलांनाही पाठ झाला होता. पडून राहिलेल्या लहरींच्या तोट्याचा हिशेब कोणत्याही मथळ्यात आला नाही.

स्पर्धेपलीकडचा प्रदेश

जेथे स्पर्धा जाणार नाही तेथे जाण्यासाठी १ एप्रिल २००२ पासून सार्वत्रिक सेवा दायित्व निधी निर्माण झाला. कंपन्यांच्या समायोजित महसुलाचा ५ टक्के भाग यासाठी घेतला जातो, म्हणजे शहाद्याच्या दुकानात रिचार्ज करणाराही त्यात भर घालतो. २००७ च्या सुमारास या निधीतून देशभर सात हजारांहून अधिक मनोरे उभारण्याचे काम सुरू झाले. पात्रतेची अट होती दोन हजार वा अधिक लोकवस्तीची गावे किंवा गावसमूह. सपाटीवर ही अट सौम्य आहे. भिल्ल आणि पावरा वस्त्यांच्या विखुरलेल्या पाड्यांना ती कठीण जाते. पुन्हा मापाचाच प्रश्न.

नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने पाच राज्यांतील ४४ आकांक्षित जिल्ह्यांतील ७,२८७ गावांना फोर-जी देण्यासाठी ६,४६६ कोटी रुपये मंजूर केले. या पाच राज्यांत महाराष्ट्र होता आणि नंदुरबार हा राज्यातील चार आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. जुलै २०२२ मध्ये देशभरातील २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना भारत संचार निगमकडे सोपवण्यात आली. या योजनांत गाव हे एकक झाले, हे त्यांचे महत्त्व. पहिल्या खाजगी परवान्यांनंतर त्यास पाव शतक लागले. आमच्या परिसरातील महाविद्यालयांत डोंगरातून येणारे विद्यार्थी दिवाळीच्या सुटीत घरी गेले की त्यांच्याशी संपर्क तुटतो, हा अनुभव अनेक प्राध्यापकांना असेल. २०२० च्या टाळेबंदीत ऑनलाइन वर्गांची हजेरीपत्रके ज्यांनी भरली, त्यांना त्याचे स्पष्टीकरण नको.

२०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने काही विशिष्ट सेवांसाठी, त्यात उपग्रहाधारित सेवाही आल्या, स्पेक्ट्रम लिलावाविना प्रशासकीय पद्धतीने देण्याची तरतूद केली. मे २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने या स्पेक्ट्रमसाठी महसुलाच्या ४ टक्के आकार सुचवला आणि भूस्थिर नसलेल्या उपग्रहांच्या सेवेत शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये अधिक घ्यावेत, अशी शिफारस केली. ग्रामीण ग्राहकाला हा अधिभार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्टारलिंक कंपनीशी इरादापत्र केले. त्यात नाव घेऊन आलेले जिल्हे चार : गडचिरोली, धाराशिव, वाशिम आणि नंदुरबार.