नाण्याएवढं कासव घरी आणताय? आधी टाकीचं गणित समजून घ्या

ॲक्वेरियमच्या दुकानात प्लॅस्टिकच्या डब्यात एकमेकांच्या अंगावर चढणारी हिरवीगार पिल्लं तुम्ही पाहिली असतील. कुणी मुलांच्या हट्टापायी ती घेतं, तर कुणी घरात कासव 'लकी' असतं म्हणून. सोबत एक काचेचं वाडगं, मूठभर रंगीत खडे आणि सुक्या कोळंबीची डबी मिळते. "याला काही लागत नाही," असं वर सांगितलं जातं.

प्रत्यक्षात याला बरंच काही लागतं. ते मिळालं नाही की कवच मऊ पडतं, डोळे सुजतात आणि पिल्लू हळूहळू मरतं. म्हणूनच, काय लागतं ते आधीच पाहू.

हे कासव नेमकं कोणतं?

डोळ्यामागे लाल पट्टा असेल, तर ते 'रेड इअर्ड स्लायडर'. मूळ अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. पिल्लू जेमतेम ३ सेंटीमीटरचं असतं, पण पूर्ण वाढलेली मादी २५ ते ३० सेंटीमीटरची होते. नर थोडा लहान राहतो. नीट सांभाळलं तर ते २० ते ३० वर्षं, कधी त्याहूनही जास्त जगतं. म्हणजे आज पहिलीतल्या मुलासाठी आणलेलं कासव त्याच्या लग्नातही घरात असू शकतं.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. स्टार कासव, फ्लॅपशेल यांसारखी देशी कासवं घरात पाळणं हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. कुणी विकत असेल तर घेऊ नका.

टाकी केवढी हवी?

सोपा हिशोब असा: कवचाच्या दर इंचामागे साधारण ४० लिटर पाणी. चार इंचांच्या कासवाला १६० लिटर, तर आठ-नऊ इंचांच्या कासवाला सव्वातीनशे ते साडेतीनशे लिटर.

४ × २ × २ फुटांची टाकी काठोकाठ भरली तर साधारण ४५० लिटर पाणी मावतं. पण कासव चढून बाहेर पडतं, त्यामुळे वरचे पाच-सहा इंच रिकामे ठेवावे लागतात. उरलं साडेतीनशे लिटर, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन साडेतीनशे किलो. साध्या टेबलावर ते पेलणार नाही, मजबूत स्टँडच लागतो. काचेचाच हट्ट नसेल तर मोठा, खोल प्लॅस्टिकचा टबही चालतो आणि तो स्वस्तही पडतो.

पाण्याची खोली कवचाच्या लांबीच्या किमान दीड ते दोनपट हवी. पाणी फारच उथळ असेल, तर उलटं झालेलं कासव सरळ होऊ शकत नाही.

फिल्टर का लागतो?

कासव खातं पाण्यात आणि घाणही पाण्यातच करतं. त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो डोळ्यांना, त्वचेला त्रास देतो. फिल्टरमधले जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. माशांच्या टाकीचा छोटा फिल्टर इथे पुरत नाही. टाकीत जेवढं पाणी आहे, त्याच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा फिल्टर घ्या.

तरीही दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलावं लागतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन हे उपयोगी जिवाणू मारतं, म्हणून ॲक्वेरियमच्या दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन वापरा. फिल्टरचा स्पंज नळाखाली नाही, तर टाकीतून काढलेल्या पाण्यात धुवा.

कोरडी जागा आणि ऊन

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. हे कासव २४ तास पाण्यात राहू शकत नाही. त्याला पूर्ण अंग बाहेर काढून कोरडं होता येईल असा ओटा हवा आणि त्यावर चढायला उतार. ओट्यावर दोन प्रकारचे दिवे लागतात.

पहिला उष्णतेचा. त्याखाली तापमान ३० ते ३५ अंश सेल्सियस हवं.

दुसरा यूव्हीबीचा. या किरणांमुळे अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं आणि कॅल्शियम पचतं. ते न मिळाल्यामुळेच कवच मऊ पडतं. हा दिवा पेटत असला तरी त्याची यूव्हीबी कालांतराने संपते, त्यामुळे सहा ते बारा महिन्यांनी तो बदलावा लागतो.

खिडकीतलं ऊन चालेल का? बंद काचेतून नाही. काच यूव्हीबी अडवते. उघड्या गॅलरीतलं कोवळं ऊन उत्तम, पण अर्धी जागा सावलीत हवी. काचेची टाकी उन्हात ठेवू नका. पाणी बघता बघता तापतं.

पाणी स्वतः २४ ते २८ अंश असावं. नाशिक-पुण्याच्या थंडीत त्यासाठी हीटर लागतो. काचेचा हीटर कासव धडक मारून फोडू शकतं, त्यामुळे त्याला जाळीचं आवरण हवं.

टाकीत काय नको?

बारीक रंगीत खडे नकोत. कासव ते गिळतं आणि आतडी अडकतात. तळ रिकामा ठेवा, नाहीतर कासवाच्या डोक्यापेक्षा मोठे गोटे टाका.

टाकीचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. याच कारणाने अमेरिकेने १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आणली. कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुवा. पाच वर्षांखालच्या मुलांना ते हाताळू देऊ नका.

आवरत नसेल तर?

तळ्यात, नदीत किंवा देवळाच्या कुंडात सोडून 'पुण्य' मिळवू नका. जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत या कासवाचं नाव आहे. केरळमध्ये ते उघड्या पाण्यातही सापडलं आहे. ते देशी कासवांचं अन्न आणि ऊन खायची जागा बळकावतं. त्याऐवजी जागा आणि तयारी असलेला पालक शोधा, किंवा जवळच्या प्राणी बचाव संस्थेला विचारा.

आणि अजून घेतलं नसेल, तर उलटा क्रम लावा. आधी टाकी, फिल्टर आणि दोन्ही दिवे यांचा खर्च काढा, घरात चार फुटांची जागा मोजा. दोन्ही जमत असेल, तरच दुकानात जा.