शब्दाचे दाम आणि लिहिणाऱ्याची जोखीम

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात शब्दाचे मोल देण्याची रीत छापखान्याहून कितीतरी जुनी आहे. वैनगंगेच्या आणि इंद्रावतीच्या खोऱ्यांत परधान हा गोंड कुळांचा गायक. किंगरी हे तंतुवाद्य घेऊन तो यजमानाच्या दारी यायचा, कुळाची वंशावळ आणि गोंडांचा आद्यपुरुष लिंगो याचे आख्यान गायचा आणि धान्य, वस्त्र किंवा जनावर असे दान घेऊन पुढच्या गावाची वाट धरायचा. मंडला भागातल्या परधानांवर शामराव हिवाळे यांनी 1946 साली ग्रंथ लिहिला, त्यात या यजमानकीचे तपशीलवार चित्र सापडते. या व्यवहारात देणाऱ्याचे तोंड घेणाऱ्याला ठाऊक होते, दान रूढीने बांधलेले होते, ते नाकारणे यजमानालाच लाजिरवाणे होते. गाऊन झाले तरी गाणे गायकाकडेच राहत असे. आज पैसे देणाऱ्या संकेतस्थळांसाठी लेख लिहिणारा वडसा किंवा राजुऱ्याचा तरुण ज्या जोखमींना सामोरा जातो, त्यांचा माग काढायचा तर आपण या दारापासून निघाले पाहिजे. पुढच्या दोन शतकांत यांतली एकेक गोष्ट सुटत गेली.

पहिली सुटली ती गाण्यावरची मालकी. नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाकडून लिंगोचे आख्यान उतरवून घेतले. 1863 साली हिस्लॉप नदीत बुडून मरण पावले. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद संपादित करून 1866 साली प्रसिद्ध केले. ग्रंथावर संग्राहकाचे नाव आहे, संपादकाचे आहे, मात्र ज्याच्या मुखातून ते आख्यान आले त्याचे नाही. हिस्लॉप यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, त्यांच्यामुळेच ते आख्यान जगापुढे आले. पण शब्द एकदा दुसऱ्याच्या कागदावर उतरला की तो कोणाच्या नावाने फिरेल हे सांगणाऱ्याच्या हाती राहत नाही, एवढे त्या ग्रंथाने या भागात प्रथम दाखवून दिले.

त्याच काळात पश्चिमेकडे, पुण्यात, देणाऱ्याचे तोंड बदलत होते. पेशवाईत शास्त्र्यांना श्रावणात वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजांनी आटोपती घेतली. लोकहितवादींसारख्या सुधारकांनी त्यातला काही पैसा मराठी ग्रंथांवर खर्चावा असा आग्रह धरला, आणि 1851च्या सुमारास दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली. मराठीत लिहिणाऱ्याला सरकारी तिजोरीतून बक्षीस मिळू लागले, ही मोठी गोष्ट होती. मात्र लिहायचे आधी, निकाल नंतर, आणि निकालाचे कारण सांगण्याचे बंधन कोणावर नाही, अशी ही नवी रीत होती. जोतीराव फुले यांनी 1855 साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून कमिटीकडे धाडले. ते नाकारले गेले, आणि त्यामागे कमिटीतल्या भटसभासदांचा आग्रह होता असे त्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त नोंदवले. ते नाटक छापून वाचकांपुढे यायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. आधी मजुरी आणि मग मर्जी, हा क्रम तेव्हापासून आपल्या लेखनव्यवहारात रुजला.

आता आपण वर्तमानपत्रांकडे वळू. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ 6 जानेवारी 1832 रोजी निघाले, ‘केसरी’ 4 जानेवारी 1881 रोजी. या पत्रांत लिहिणे हे व्रत मानले जाई आणि मोबदल्याची भाषा कमीपणाची वाटे. लंडनमध्ये मात्र एकोणिसाव्या शतकातच ओळीमागे पेनी घेऊन आगीच्या आणि अपघातांच्या बातम्या पुरवणाऱ्यांचा वर्ग तयार झाला होता. छापल्या तेवढ्याच ओळींचे पैसे मिळत, म्हणून हे लोक वाक्ये ताणत आणि त्याबद्दल कुचेष्टा सोसत. मापाप्रमाणे दाम ही कल्पना पुढे भारतीय वर्तमानपत्रांतही आली आणि तिच्याबरोबर जिल्ह्याचा, तालुक्याचा वार्ताहर आला.

चंद्रपूरच्या जंगलाचे या गोष्टीशी दुहेरी नाते आहे. 1945 साली बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स ही कंपनी स्थापन झाली आणि इथल्या बांबूचा कागद होऊ लागला. बांबू तोडणाऱ्याला नगामागे मजुरी मिळे. दर दुसऱ्याने ठरवायचा, मोजणी दुसऱ्याने करायची. बातमी पुरवणाऱ्याची अवस्था याहून फार निराळी नव्हती. सिरोंचा, अहेरी, गोंडपिपरी इथला वार्ताहर मजकूर लिहून पाकीट एसटीच्या चालकाकडे देई. ते नागपूरला पोचले, उपसंपादकाच्या कात्रीतून वाचले आणि छापून आले, तर मानधन. पुष्कळदा खरी कमाई बातमीची नसे, ती जाहिरातींच्या कमिशनची असे. म्हणजे ज्या कंत्राटदारावर किंवा पुढाऱ्यावर लिहायचे, त्याच्याच वाढदिवसाची जाहिरात मागायला जायचे.

स्वातंत्र्यानंतर दोन कायद्यांनी हा तोल सावरू पाहिला. न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने 1954 साली अहवाल दिला आणि 1955 साली श्रमिक पत्रकारांचा कायदा झाला. पालेकर, बच्छावत, मणिसाना, मजिठिया असे वेतन निवाडे त्यातूनच आले. पण त्या कायद्याचा पत्रकार म्हणजे ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता होता असा माणूस. दुकान, शेती किंवा शिकवणी सांभाळून बातम्या धाडणारा तालुक्याचा वार्ताहर बहुधा उंबऱ्याबाहेरच राहिला. दुसरा कायदा 1957 चा, कॉपीराइटचा. त्याचे कलम 19 आजही प्रत्येक लिहिणाऱ्याने वाचावे असे आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर करार लेखी आणि सहीचा हवा, त्यात मोबदला नमूद हवा. मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क भारतापुरतेच जातात. परधानाच्या हातून निसटले ते लिहिणाऱ्याकडे ठेवण्याची सोय शंभर वर्षांनी कागदावर आली.

कागदाचे युग मात्र ओसरत होते. पाकिटाची जागा फॅक्सने आणि फॅक्सची ई-मेलने घेतली. तिकडे अमेरिकेत 2003 साली गुगलने ॲडसेन्स सुरू केले. कोणत्याही पानावर जाहिरात आपोआप चिकटवता येऊ लागली, आणि पान भरण्यासाठी मजकूर हवा झाला. 2005 साली असोसिएटेड कंटेंट, 2006 साली डिमांड मीडिया अशा कंपन्या निघाल्या. लोक काय शोधतात ते यंत्राने हेरायचे आणि त्यावर 15 डॉलरच्या आसपास दराने लेख लिहून घ्यायचे, हा त्यांचा धंदा. 24 फेब्रुवारी 2011 रोजी गुगलने शोधाची रीत बदलली. ‘पांडा’ या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या बदलाचा परिणाम अमेरिकेतल्या सुमारे 12 टक्के शोधांवर झाला आणि या लेखगिरण्यांचा वाचकच आटला. असोसिएटेड कंटेंट तोवर याहूने विकत घेतले होते. 2012 सालच्या जुलैत त्या सेवेतून सुमारे साडेचार लाख खात्यांचे पासवर्ड उघडे पडले, आणि 2014 साली ती बंद झाली. दर घसरणे, माहिती फुटणे आणि वर्षानुवर्षांचे लेखन एका सूचनेसरशी नाहीसे होणे, या तिन्ही जोखमी एकाच संस्थेच्या दहा वर्षांच्या आयुष्यात पाहायला मिळतात.

भारतीय भाषांत ही लाट उशिरा आली, कारण ॲडसेन्सने हिंदीला 2014 च्या डिसेंबरात जागा दिली आणि मराठीला त्याहून नंतर. दरम्यान अलीबाबा समूहाच्या यूसी न्यूजने वाचकसंख्येनुसार पैसे देणारा लेखकमंच इथे उघडला. 29 जून 2020 रोजी सरकारने 59 चिनी ॲपवर बंदी घातली, त्यांत यूसी ब्राउझर होता आणि यूसी न्यूजही. बंदीची पार्श्वभूमी सीमेवरच्या तणावाची होती, पण मंचावर लिहिणाऱ्यांची मिळकत त्याच फटक्यात थांबली. यजमान या वेळी परदेशात होता.

आज आपण जिथे उभे आहोत तिथे लिहिणाऱ्याला देणाऱ्याचे तोंड दिसतच नाही. ताडोबाच्या सफारीवर लेख मागणारे काम टेलिग्रामवरच्या कोणा मध्यस्थाकडून येते. दर शब्दामागे असतो, आणि मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटत असल्याने इंग्रजीइतकाच आशय थोड्या शब्दांत बसतो, म्हणजे तेवढ्याच मेहनतीचे पैसे कमी. खात्यात ठरावीक रक्कम साठल्याशिवाय ती काढता येत नाही, आणि साठण्याआधी खाते बंद झाले तर गेली. ‘नमुना लेख’ म्हणून फुकट घेतलेला मजकूर दुसऱ्याच्या नावाने झळकतो. त्याहून वाईट म्हणजे अनामत रक्कम मागणारे, आणि काम झाल्यावर ‘अचूकता कमी पडली’ म्हणत वकिलाच्या नावाने दंडाची नोटीस धाडणारे भामटे. अशा नोटिशीने घाबरून पैसे भरण्याआधी 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करावी. दंड कितीही लिहिलेला असो, 1872 च्या करार कायद्याचे कलम 74 वाजवी भरपाईपलीकडे जाऊ देत नाही. त्यात 30 नोव्हेंबर 2022 रोजी चॅटजीपीटी आले. ज्या भरताड लेखांवर नवखे हात बसवत होते ते यंत्र क्षणात लिहू लागले, आणि 2024 च्या मार्चमध्ये गुगलने घाऊक मजकुराविरुद्ध नियम आणखी कडक केले.

मग जे यंत्राला जमत नाही, ते जागेवर जाऊन पाहणे, त्याला भाव यावा. पण या जंगलात त्याची किंमत फार वेगळी आहे. सिरोंच्यापलीकडे, इंद्रावती ओलांडली की छत्तीसगडचा बिजापूर जिल्हा लागतो. तिथले पत्रकार साई रेड्डी यांना 2008 साली सरकारने जनसुरक्षा कायद्याखाली अटक केली आणि 2013 सालच्या डिसेंबरात माओवाद्यांनी ठार मारले. वाहिन्यांना बातम्या पुरवणारे आणि ‘बस्तर जंक्शन’ हे स्वतःचे चॅनल चालवणारे मुकेश चंद्राकर 1 जानेवारी 2025 रोजी बेपत्ता झाले आणि 3 जानेवारीला एका कंत्राटदाराच्या आवारातल्या टाकीत त्यांचा मृतदेह सापडला. त्याआधी रस्त्याच्या कामातल्या गैरव्यवहाराची बातमी प्रसिद्ध झाली होती. महाराष्ट्राने 2017 साली पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा केला खरा, पण त्याचे संरक्षण प्रसारमाध्यम संस्थेशी नोकरीने किंवा कराराने जोडलेल्यांना आहे. लेखामागे पैसे घेणारा माणूस संस्थेचा आहे की नाही, हा प्रश्न मानधनापुरता उरत नाही, तो जिवापर्यंत पोचतो.

या लांबच्या वाटेवर एक वळण मात्र इथल्याच मातीतले आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि 27 एप्रिल 2011 रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. नगामागे मजुरी घेणारे गाव दर ठरवून माल विकणारे झाले. बांबू तोच होता, फक्त मालकी नोंदली गेली आणि विकणारे एकत्र बसले. लिहिणाऱ्यांना यातले पहिले पाऊल एकट्यानेही टाकता येते: देणारा कोण, दाम किती, केव्हा, कोणत्या मुदतीसाठी आणि नाव कोणाचे, हे काम हाती घेण्याआधी लेखी मागायचे. दुसरे पाऊल एकत्र येण्याचे. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगार, म्हणजे नेहमीच्या नोकरीच्या चौकटीबाहेर काम करून कमावणारा, हा वर्ग प्रथमच कायद्यात आणला आहे. तालुक्यातालुक्यांत सुटे सुटे लिहिणारे त्या वर्गात मोजले जातील की श्रमिक पत्रकारांच्या कायद्यासारखे पुन्हा उंबऱ्याबाहेर राहतील, हे ते स्वतःची संघटना केव्हा बांधतात यावर ठरेल.