विलायतेतली अमेरिका : प्रस्तावना

ब्रिटनमधल्या एखाद्या गावाला ‘अगदी अमेरिकन’ म्हटले, की ते बहुधा कौतुक नसते. रुंद रस्ते, मोटारीवाचून अडणारा संसार आणि मोठाले मॉल एवढाच त्याचा अर्थ धरला जातो. नगररचनेच्या अभ्यासकाने मात्र त्या शेऱ्यापाशी न थांबता विचारावे : अमेरिकेतून नेमके काय आले, कोणी आणले आणि इथे आल्यावर त्याचे काय झाले? या क्षेत्राची बहुतेक चर्चा या तीन प्रश्नांभोवती फिरते.

काही ठिकाणी अमेरिका भांडवलाबरोबर आली. मँचेस्टरलगतच्या ट्रॅफर्ड पार्कमध्ये वेस्टिंगहाउस कंपनीचा विजेच्या यंत्रसामग्रीचा कारखाना विसाव्या शतकाच्या आरंभी उभा राहिला. कामगारांसाठी शेजारी जी वस्ती वसली, तिच्या रस्त्यांना फर्स्ट अ‍ॅव्हेन्यू, थर्ड स्ट्रीट असे क्रमांक मिळाले. अ‍ॅव्हेन्यू एका दिशेने, स्ट्रीट त्यांना छेदणारे. पाट्या न्यूयॉर्कच्या वळणाच्या, घरे मात्र एकमेकांना चिकटलेल्या इंग्रजी चाळवजा रांगांची. १९११ मध्ये फोर्डनेही मोटारींच्या जुळणीसाठी हाच परिसर निवडला.

काही ठिकाणी ती विचारातून आली. १९६७ मध्ये नवे शहर म्हणून घोषित झालेले मिल्टन कीन्स हे त्याचे ठळक उदाहरण. शहराचे जीवन एकाच मध्यवर्ती चौकात कोंबण्याची गरज नाही, माणसे अंतर ओलांडून संबंध जोडतात, हा बर्कलीच्या मेल्विन वेबर यांचा विचार त्याच्या आखणीमागे होता. सुमारे एक किलोमीटर अंतरावर रस्त्यांची जाळी टाकली गेली. उभ्या रस्त्यांना ‘व्ही’, आडव्यांना ‘एच’. पण हे रस्ते जमिनीच्या चढउताराप्रमाणे वळतात. त्यांच्या छेदांवर सिग्नलऐवजी बहुधा राउंडअबाउट आहेत. घरे रस्त्याकडे पाठ करून झाडांच्या पट्ट्यांमागे बसली आहेत, पायी आणि सायकलने जाणाऱ्यांना ‘रेडवे’ नावाच्या वेगळ्या वाटा आहेत. ‘व्ही ४’ हा रस्ता तर रोमनकालीन वॉटलिंग स्ट्रीटच. म्हणजे नकाशावर लॉस एंजलिस वाटणारे हे गाव जमिनीवर भलतेच इंग्रजी निघते.

तिसरी अमेरिका कॅमेऱ्याची. १९८७ च्या चौथ्या ‘सुपरमॅन’ चित्रपटात मिल्टन कीन्सच्या रेल्वे स्थानकाबाहेरचा परिसर न्यूयॉर्कमधले संयुक्त राष्ट्रांचे मुख्यालय म्हणून दिसतो. ‘वर्ल्ड वॉर झी’साठी ग्लासगोचा जॉर्ज स्क्वेअर फिलाडेल्फिया झाला. हा चौक १७८१ मध्ये आखलेला, मॅनहॅटनच्या काटकोनी रस्त्यांचा प्रसिद्ध आराखडा १८११ चा. तेव्हा ग्लासगो ‘अमेरिकेसारखे’ आहे, असे म्हणताना कोण कोणासारखे, हे तपासून घेतलेले बरे.

ही देवाणघेवाण एकेरी नव्हतीच. एबेनेझर हॉवर्ड तरुणपणी नेब्रास्कात शेती करायला गेले. ती फसल्यावर शिकागोत लघुलेखक झाले. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी १८९८ मध्ये उद्याननगरीची कल्पना मांडली. ती अमेरिकेत पोचली, क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी न्यू जर्सीतल्या रॅडबर्नमध्ये १९२९ च्या सुमारास तिला मोटारयुगाचे रूप दिले : गाड्या मागच्या दाराशी, पायवाटा आणि हिरवळ पुढच्या. युद्धोत्तर ब्रिटनच्या नगरपालिकांनी हीच मांडणी आपल्या घरकुल वसाहतींत उचलली. पुष्कळ ठिकाणी पाहुण्याला पुढचे दार कोणते हेच कळेना, आणि पुढे काही वसाहतींत ती मांडणी मोडावी लागली. या रचनेला अमेरिकन म्हणावे की परदेशाहून परतलेली इंग्रजी, हा वाद आजही रंगतो.

नव्या अभ्यासकाला एकच सुचवावेसे वाटते. साम्य दिसले की ते नोंदवावे आणि लगेच काय वगळले गेले ते शोधावे. जुने नकाशे, मालकीची कागदपत्रे आणि स्वतःची पायपीट, तिन्ही एकमेकांवर ताडून पाहावीत. एकट्या छायाचित्रावर विसंबू नये. मराठी वाचकाची इथे थोडी सोयच आहे. पुण्याच्या लष्कर भागातून हिंडलेल्याला, सरळ काटकोनी रस्ते आखायला इंग्रजांना अमेरिकेची शिकवणी लागत नव्हती, हे वेगळे सांगावे लागत नाही. शिवाय या वादात त्याला ना लंडनची बाजू राखायची आहे, ना न्यूयॉर्कची. त्याने नि:संकोच आत यावे.